सरूचे डोळे

॥ श्री ॥

वर्धा,
ता. ६ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. सुधा हिला,

जिजीचे पोटभर आशीर्वाद. मोम्बासाहून टाकलेलं तुझं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर मिळालं. तुम्ही तिघं सुखरूप उतरलात, दिनूला बोट लागली पण फार नाही, हे वाचून मायला बरं वाटलं. मी तिला ते दोनदा वाचून दाखवलं. मोम्बासाहून पुढे रेल्वेनं युगांडा, मग मोटार, आणि तिथंही पुन्हा कापसाचं जिनच, हे ऐकल्यावर म्हणते कशी, "एवढ्या दूर जाऊन बी कापूसच पाह्याचा होता, त हिंगनघाट काय वाईट होतं?" मी म्हटलं, माय, हिंगणघाटच्या जिनात तुझा नरहर साधा फिटर होता, तिथं तो मुख्य मिस्त्री आहे. राहायला बंगली आहे. त्यावर ती पाणी प्यायला उठली.

सरू मजेत आहे. मुंबईहून परत येताना भुसावळपर्यंत रडली, मग माझ्या मांडीवर झोपली ती बडनेऱ्याला उठली. आता रडत नाही. सकाळी माझ्यासोबत शाळेत येते, पहिलीच्या पोरींमध्ये बसते. तीन वर्षांची पोर, पण पाटीवर रेघा ओढायला लागली की मान वर करत नाही.

डोळ्यांचं औषध सुरू केलं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिला दवाखान्यात नेते. डॉक्टर पापणी उलटी करतात आणि आतून मोरचुदाची कांडी फिरवतात. झोंबतं फार. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवते. घरी आल्यावर गूळ देते. काजळ बंद करायला सांगितलं आहे, त्यामुळे डोळे कसे उघडे उघडे दिसतात. खुपऱ्या हा काही जगावेगळा आजार नाही सुधा, आपल्याकडे दर चार घरांमागे एका घरात आहे. बोटीच्या तपासणीत तो नेमका आडवा आला एवढंच. डॉक्टर म्हणतात तीन-चार महिने. मग त्यांचा दाखला घ्यायचा, नरहरनं तिकडून कागद करायचे, आणि कुणाच्या तरी सोबतीनं तिला बोटीत बसवून द्यायचं.

तू म्हणत होतीस, मी थांबते, ह्या दोघांना जाऊ द्या. माझं ऐकलंस ते बरं केलंस. तिकिटं निघालेली, परवान्याची मुदत संपत आलेली, नवऱ्याला परक्या मुलुखात एकटं सोडून तू इथं काय केलं असतंस? मी आहे ना. मला मूल नाही, बाळ नाही, नवरा जाऊन अठरा वर्षं झाली. माझा सगळा वेळ तिचाच आहे.

माय अजून तेच धरून बसली आहे. हिंगणघाटच्या त्या क्वार्टरात कापसाचा धुरळा उडायचा आणि सुधा पोरीचे डोळे धूत नव्हती, असं येईल त्याला सांगते. नरहरही मुंबईला तुला जरा जास्तच बोलला. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. दोन लेकरं, सामानाची बांधाबांध, त्यात दुर्लक्ष होतंच एखाद्या आईचं. झालं ते झालं.

शाळेत आमची शनिवारची तपासणी चालू आहे. नखं, केस, डोळे. आमच्या नत्थू शिपायाच्या मुलीचे, सुलोचनाचे डोळे लाल दिसले म्हणून काल तिला घरी पाठवलं. बाकीच्या पन्नास पोरींचा विचार करावा लागतो. नत्थूला वाईट वाटलं असेल, पण नियम तो नियम.

तिकडे ज्वारी मिळते का, ते कळव. दिनूला पापा.

तुझी,
जिजी

*

॥ श्री ॥

वर्धा,
ता. ९ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. सुधा हिला,

अनेक आशीर्वाद आणि उशिराबद्दल रागावू नकोस. तुझी तीन पत्रं एकापाठोपाठ आली, आणि तिन्हीत एकच प्रश्न. कसं उत्तर द्यावं ते समजत नव्हतं.

सरूच्या डोळ्यांचं असं झालं. जूनमध्ये बरे झाले होते. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बघू आणि दाखला देऊ. मीच तुला तसं कळवलं होतं. जुलैच्या शेवटी पुन्हा लाल झाले, सकाळी पापण्या चिकटायला लागल्या. पुन्हा मोरचूद. सप्टेंबरात बरे वाटले, आता पुन्हा तेच. डॉक्टर वैतागले. मला विचारलं, "घरात आणखी कोण आहे? सगळ्यांना एकदा घेऊन या." मायला एका सकाळी नेलं. तिचे डोळे बघून म्हणाले, मोतीबिंदू पिकत आला आहे, बाकी काही नाही. मग म्हणाले, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मला काय झालंय, मी रोज शाळेत शिकवते आहे. शाळेला उशीर होत होता, मी निघून आले.

नरहरनं लिहिलं आहे की सरूच्या परवान्याची मुदत तिकडे एकदा वाढवून घेतली, दुसऱ्यांदा वाढवून देणार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागेल. करावा लागला तर करा. पोर कुठं जात नाही. चांगली खाते, पिते, अंगानं भरली आहे. तुम्ही पाठवलेला फोटो तिला दिला. रोज बघते, तुझं नाव घेते. तुझी आठवण राहिली आहे तिला, काळजी करू नकोस.

तू लिहिलंस की तिकडची डॉक्टरीणबाई म्हणाली, हा रोग हातानं पसरतो, आणि तेव्हापासून तू विचार करतेस की कोणत्या दिवशी, कोणत्या हातानं. असले विचार करू नयेत. बाईमाणसानं एकटं बसलं की असं होतं. तिथं आपल्याकडच्या बाया आहेत ना दोन-तीन? त्यांच्यात जात जा. गुजराथी बाया असल्या तरी काय, हात जोडले की पुढचं सगळं समजतं.

मायची तब्येत ठीक. कापूस यंदा बरा आहे, बाजारात गाड्यांची रांग लागली आहे. सरू ओट्यावर बसून गाड्या मोजते, वीसपर्यंत चुकत नाही.

मला सध्या बारीक अक्षर लिहायला त्रास होतो, म्हणून पत्र आवरते.

तुझी,
जिजी

*

॥ श्री ॥

वर्धा,
ता. १८ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. सुधा हिला,

तुला, नरहरला, दिनूला आणि नव्या बाळाला माझे आशीर्वाद. बाळाचं बारसं तिकडेच केलंत, हे बरं केलंत.

इकडची खबर अशी की या महिन्यापासून आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. शाळेला येणारी हिंदी परिपत्रकं आता बंद होतील म्हणतात. दसऱ्याला नागपूरला एवढी माणसं गेली की वर्ध्याच्या स्टेशनावर उभं राहायला जागा नव्हती. नत्थू घरच्या सगळ्यांना घेऊन गेला होता, बौद्ध होऊन आला. देवांच्या तसबिरी त्यानं घरातून काढल्या. मोतीबिंदूसाठी मायचा एक डोळा कापला, तिला आता सुई ओवता येते.

तुझं पत्र दिवाळीत आलं. त्याला सोळा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते, आणि इकडचं तिकडचं लिहून उठते. वर बघ, आजही तेच केलं.

तू लिहिलंस: "जिजी, दोन वर्षं होतील. माझी पोर मला विसरली असेल. तुम्ही तिला आईपेक्षा जास्त केलं. मी ह्यांच्याशी बोलले आहे. सरूला मी तुमच्या ओटीत घालते. तुम्हांला कुणी नाही, तिला तुमची सवय झाली आहे. माझ्या हाताला गुण नाही, हे मला समजून चुकलं आहे. बाळाचं तोंडसुद्धा मी धूत नाही, हे धुतात नाहीतर शेजारच्या बेन धुतात. मी जवळ गेले की मला भीती वाटते. माझ्याजवळ असती तर पोरीचे डोळे कधीच गेले असते."

हे वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं, ते आधी सांगते, कारण तेच सांगायला सगळ्यांत जड आहे. मला आनंद झाला. पत्र घडी करून मी चोळीत ठेवलं, स्वयंपाकघरात गेले आणि सरूसाठी शिरा केला. माय म्हणाली, "आज कायचा सन आहे वं?" मी म्हटलं, काही नाही, केला असाच. दोन दिवस मी त्या आनंदात होते. मनातल्या मनात तिचं शाळेत नाव घातलं, तिचं लग्नसुद्धा करून टाकलं.

तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. बाळाच्या तोंडाचं ते वाक्य पहिल्या वेळी माझ्या नजरेतून निसटून गेलं होतं. म्हणजे निसटलं नव्हतं, मीच सोडलं होतं. तीन महिन्यांचं लेकरू समोर आहे आणि आई त्याचं तोंड धुवायला घाबरते. हे मी केलं, सुधा.

आता सरळ लिहिते. माझी भाषा शाळेतली होते, अंग चोरते, तसं होऊ द्यायचं नाही.

सरूला खुपऱ्या माझ्यामुळे झाल्या. तुझ्यामुळे नाही, हिंगणघाटच्या धुरळ्यामुळे नाही. माझ्यामुळे.

तुम्ही आफ्रिकेला जाण्याच्या वर्षभर आधी आमच्या शाळेत डोळे तपासायला एक डॉक्टर आले होते. पोरींचे झाल्यावर शिक्षकिणींचे बघितले. माझी पापणी उलटली आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हांला जुन्या खुपऱ्या आहेत. औषध घ्या. तुमचा टॉवेल वेगळा ठेवा, काजळाची डबी वेगळी ठेवा, आणि लहान मुलांच्या डोळ्यांना हात लावू नका." मला तोंडात मारल्यासारखं झालं. दर शनिवारी पोरींचे डोळे बघणारी मी, लाल दिसले की घरी पाठवणारी मी. हे मोठ्या बाईंना कळलं तर मला कोण वर्गात उभं करील? मी त्यांना विनंती केली की कागदावर लिहू नका. ते भले माणूस, त्यांनी लिहिलं नाही. मी औषधाला गेले नाही. डोळ्यांतून पाणी यायचं, उन्हात बघवत नव्हतं, मी चष्म्याचं कारण सांगत राहिले.

मग तुम्ही हिंगणघाटचं घर मोडून दिवाळीला इकडे आलात आणि संक्रांतीपर्यंत राहिलात. तुला आठवत असेल, सरूला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, काजळ घालणं सगळं मी माझ्याकडे घेतलं होतं. तू सामान बांधत होतीस, तुला बरंच वाटलं. मी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायची, तुपात कालवायची, आधी स्वतःच्या डोळ्यांत बोट फिरवायची आणि मग तेच बोट तिच्या. रोज सकाळी. तीन महिने. मला ठाऊक होतं. डॉक्टरचं बोलणं रोज आठवत होतं आणि मी स्वतःला सांगत होते, एवढ्यानं काय होतंय. एक पोर जाणार आहे, पुन्हा कधी दिसणार, तिच्या डोळ्यांत मी घातलेलं काजळ असावं, एवढंच मला हवं होतं.

मुद्दाम केलं नाही. ती राहावी म्हणून केलं नाही. हे मी देवासमोर सांगू शकते. पण मुंबईला बोटीच्या तपासणीत, त्या लांब पडवीत डॉक्टरनं तिची पापणी उलटली आणि आतले दाणे दाखवले, तेव्हा मला एका क्षणात कळलं की हे कुठून आलं. नरहर तुझ्यावर ओरडला. तू भिंतीला टेकून उभी होतीस. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. उलट तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, तू जा, मी सांभाळते. तुला तो हात मायेचा वाटला असेल.

इथं आल्यावर मी लिहिलं की दुर्लक्ष होतंच एखाद्या आईचं. ते वाक्य मला पाठ आहे. तुझं पाप हलकं करते आहे अशा थाटात मी ते तुझ्या गळ्यात बांधलं.

पुढचंही ऐक. सरूचे डोळे बरे होऊन पुन्हा बिघडायचे, ते काही नशीब नव्हतं. काजळ बंद केलं, पण ती झोपायची माझ्या कुशीत, तोंड पुसायची माझ्या पदराला. एकीकडे औषध, एकीकडे मी. शेवटी गेल्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी सरूला बाजूला बसवलं आणि मला म्हणाले, "बसा खुर्चीवर. आज शाळा बुडली तरी चालेल." पापणी उलटली. मग म्हणाले, "बाई, पोरीला हे तुमच्याकडून आहे. तुम्ही बऱ्या झाल्याशिवाय ती बरी होणार नाही. एवढी शिकलेली बाई तुम्ही." त्यानंतर मी औषध घेतलं. कांडी माझ्याही डोळ्यांत फिरली, पिवळं मलम घातलं, टॉवेल वेगळा केला, सरूला मायजवळ झोपवलं. कांडी झोंबते म्हणजे किती झोंबते, ते मला तेव्हा कळलं. ती पोर वर्षभर ते सोसत होती.

आषाढात आम्ही दोघी बऱ्या झालो. पक्क्या. डॉक्टरांनी सरूचा दाखला त्याच दिवशी लिहून दिला. सुधा, तो दाखला चार महिने माझ्या ट्रंकेत आहे. तुला मी लिहीत राहिले की अजून थोडं आहे, अजून थोडं आहे. तू पाठवलेला फोटोही तिथंच आहे. ती रोज बघते, तुझं नाव घेते, असं मी लिहिलं ते खोटं होतं. तिनं तो एकदाच बघितला. "ही कोन?" विचारलं. मी म्हटलं, दिनूची आई.

मला तुझी पोर हवी होती. दुसरं काही कारण सांगितलं तर ते आणखी एक खोटं होईल.

मागच्या रविवारी मायला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं, कापलेल्या डोळ्यानं आता तिला चांगलं दिसतं. मग म्हणाली, "मी त्या पोरीले काय काय बोलली. गावभर सांगतलं. अन् तू इथंच बसून आयकून राह्यलीस?" मी म्हटलं, हो. "मले काऊन नाई सांगतलं?" त्या दिवसापासून ती माझ्या हातचं जेवते, पण माझ्याशी बोलत नाही. त्याच दिवशी तुला निरोप दिला तो तिच्या शब्दांत लिहिते: "सुधाले लिही, म्हना म्हातारी चुकली. आता ज्या ज्या घरी बोलली, त्या त्या घरी जाऊन सांगून येते." आणि खरंच काठी टेकत जाते आहे, सुधा. काल बाजारापर्यंत जाऊन आली.

मोठ्या बाईंनाही सांगितलं. माझे डोळे आता स्वच्छ आहेत असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, त्यामुळे नोकरीचं काय करायचं ते त्या ठरवतील. शनिवारची तपासणी मी सोडली. नत्थूकडे गेले. त्याच्या सुलोचनाला मी डोळ्यांवरून घरी पाठवलं होतं, तेव्हा माझे तिच्यापेक्षा वाईट होते, हे त्याच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, तिचे डोळे त आठ दिवसांत बरे झालते. पन थे मंग शाळेत गेलीच नाई. म्हने, बाई हाकलते." तिला परत आणायला दोनदा गेले. ती आत जाऊन बसते, बाहेर येत नाही. तिसऱ्यांदा जाईन. माझ्या एका लपवण्यानं दोन पोरींचं नुकसान केलं, आणि त्यातल्या एकीचं भरून निघेल की नाही मला माहीत नाही.

आता कामाचं. तुझं म्हणणं मी मानत नाही. सरू माझ्या ओटीत येणार नाही. ती तुझी आहे, आणि जे तू देते आहेस ते तू माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून देते आहेस. अशानं मिळालेली पोर मला ठेवता येणार नाही. दोन दिवस ठेवून बघितली, नाही जमत.

नरहरच्या जिनातले सदाशिवराव सुट्टीवर नागपूरला आले आहेत. जानेवारीत ते आणि त्यांच्या मंडळी शकुंतलाबाई परत निघतात. मी नागपूरला जाऊन त्यांना भेटून आले. बाई समजूतदार आहेत, सरूला न्यायला कबूल आहेत. दाखला या पत्रासोबत रजिस्टरनं पाठवते आहे. नरहरनं तिचा अर्ज नव्यानं, ताबडतोब करावा. त्याला हे पत्र पूर्ण वाचायला दे. वगळून सांगू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. मुंबईला तो तुला जे बोलला, त्याबद्दल त्यानं तुझी माफी मागावी, असं त्याची थोरली बहीण म्हणून मी सांगते. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्यानंतर द्याव्यात.

तुझी माफी मी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मग मला हलकं वाटेल, आणि तुझ्या हाती काय लागेल?

सरूबद्दल काही गोष्टी सांगते, त्या लक्षात ठेव. ती भात खात नाही, दुधात कुस्करलेली भाकर खाते. झोपताना तिला स्वतःच्या कानाची पाळी धरायची सवय आहे, हात काढू नकोस. अंधाराला भीत नाही, मांजरीला भिते. वाचता येतं, बाराखडी पूर्ण झाली आहे. खोटं बोलली की लगेच हसते, त्यावरून ओळखायचं. कुणी चेहऱ्याजवळ हात नेला की डोळे गच्च मिटते आणि मान मागे घेते. ते तुला बघून करील, तेव्हा तुला वाटेल की मला घाबरते. तुला नाही, त्या कांडीला घाबरते. आधी दोन्ही हात तिला रिकामे दाखव, मग जवळ ने.

बंदरावर ती तुला ओळखणार नाही. धावत येणार नाही, शकुंतलाबाईंच्या मागे लपेल. तू तिथं रडू नकोस. रडलीस तर तिला वाटेल की तिचंच काही चुकलं. एक-दोन महिने लागतील, जास्तही लागतील. ती रडून मला मागेल, तेव्हा माझ्याबद्दल वाईट सांगावंसं वाटलं तर सांग, तो तुझा हक्क आहे. पण मोठी झाल्यावर सांगितलंस तर बरं.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही, सुधा. कधीच झालेलं नव्हतं. हे पत्र पोचेल त्या दिवशी पाणी कोमट कर आणि बाळाचं तोंड तू धू. कुणाला हात लावू देऊ नकोस.

आणखी एकच राहिलं. ती मला आई म्हणते. मी शिकवलं नव्हतं, शाळेतल्या पोरींनी तिला विचारलं आणि ती म्हणायला लागली. मी थांबवलं नाही. दीड वर्ष ऐकत राहिले आणि मला ते गोड लागलं. गेल्या सोमवारपासून मी तिला सांगते आहे की तुझी आई तिकडे आहे, तुझी वाट बघते आहे, मी तुझी आत्या. फोटो ट्रंकेतून काढून तिच्या हातात दिला. ती विसरते, पुन्हा आई म्हणते. मी ओ देत नाही. ती पदर ओढते, मी तरी ओ देत नाही. मग थोड्या वेळानं आत्या म्हणते, आणि मी वळते. जाईपर्यंत दोन महिने आहेत, तोवर तिची जीभ वळेल. माझीही सवय मोडेल.

सरूची आत्या,
भागीरथा